ग्रोथ माइंडसेटच्या तासाला मुलं छान बोलतात, गणिताच्या तासाला वही मिटून बसतात – काय करायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुमच्याकडे तिसरीचा वर्ग आहे, शाळेने आठवड्यातून एक तास वेलबीइंग (मुलांचं मन बरं राहणं) आणि ग्रोथ माइंडसेट (हुशारी ठरलेली नसते, शिकून आणि सरावाने वाढते असं मानणं) यासाठी दिलाय, तुम्ही पोस्टर लावलीत, गोष्टी सांगितल्यात, 'मला येत नाही' म्हणायचं नाही, 'मला अजून येत नाही' म्हणायचं हे मुलांना पाठ झालंय. आणि तरी एक मुलगा वजाबाकी आली की वही मिटून 'मला नाही येणार' म्हणून बसतो, आणि वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी एक उत्तर चुकलं तरी रडते, खोडरबरने कागद फाटेपर्यंत खोडते. तुम्ही विचारलंय अजून कुठल्या अ‍ॅक्टिव्हिटी घेता येतील.

मला विचाराल तर अ‍ॅक्टिव्हिटी पुरेशा झाल्यात. तुमचा खरा प्रश्न असा आहे की त्या एका तासात जे बोललं जातं ते बाकीच्या तासांना का दिसत नाही. मी बरीच वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय, की मूल स्वतःबद्दल काय समजतं ते पोस्टर वाचून ठरत नाही, उत्तर चुकल्यानंतरच्या पुढच्या एका मिनिटात वर्गात काय होतं त्यावर ठरतं. कोण हसलं, टीचरचा चेहरा कसा झाला, वहीवर काय आलं, परत करायला मिळालं की पुढचा धडा सुरू झाला. मुलं हे सगळं टिपतात, आणि आपण तासाला सांगितलेलं आणि हे जुळलं नाही तर ती याच्यावर विश्वास ठेवतात, त्याच्यावर नाही.

हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाहीये. ज्यांच्या कामातून हा विषय आला त्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचा क्लॉडिया म्युलर यांच्याबरोबरचा 1998 चा अभ्यास बऱ्याच ट्रेनिंगमध्ये सांगतात. पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, मग काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिल्यावर हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर नाउमेद झाली, नंतर परत सोपी कोडी दिली तर त्यांचं काम आधीपेक्षा खाली आलं, आणि स्वतःचा स्कोअर दुसऱ्या मुलांना कळवताना त्यांच्यातल्या जास्त जणांनी तो वाढवून सांगितला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. इंग्लंडमध्ये 100 च्या आसपास प्राथमिक शाळांमध्ये सहावीच्या मुलांना ग्रोथ माइंडसेटचे खास तास देऊन बघितले, 2019 मध्ये रिपोर्ट आला, भाषेत आणि गणितात इतर शाळांपेक्षा जास्त प्रगती काही दिसली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत नववीच्या मुलांवरचा एक खूप मोठा अभ्यास आला, त्यात तासाभरापेक्षाही कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड थोडे सुधारले, थोडेच. आणि त्याच टीमने 2022 मध्ये दाखवलं की गणितात हा फायदा ज्यांच्या शिक्षकांचा स्वतःचाच तसा दृष्टिकोन होता त्या वर्गांत टिकला, बाकीच्या वर्गांत नाही. म्हणजे धडा तोच, वर्ग वेगळा, निकाल वेगळा. म्हणून मी अ‍ॅक्टिव्हिटी शोधण्यात वेळ घालवत नाही.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. वर्गात 20 मुलं आहेत की 60, टेस्ट किती वेळा होतात, वही कशी तपासायची हे तुमच्या हातात आहे की शाळेने ठरवून दिलंय. मी पुढे सांगतेय त्यातलं जे तुमच्याकडे शक्य नाही ते सोडून द्या, सगळं एकदम करायला जाऊ नका.

आता त्या मुलाकडे येते. 'मला नाही येणार' ऐकलं की आपल्याला वाटतं अॅटिट्यूडचा प्रश्न आहे, आणि आपण म्हणतो 'प्रयत्न कर, जमेल'. थांबा, आधी वही उघडून बघा तो नेमकं काय करतोय. तिसरीत बहुतेक वेळा असं सापडतं: 52 मधून 27 वजा करायचेत, मुलाने लिहिलंय 35. कसं आलं? दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले, पाच. पाचातून दोन, तीन. त्याच्याकडे एक नियम आहे, मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि हा नियम त्याने आळसाने बनवलेला नाही, बिनहातच्याच्या वजाबाकीत तो रोज बरोबर ठरत होता. मग एके दिवशी अचानक सगळी उत्तरं चुकायला लागली आणि का ते कोणी सांगितलं नाही. आता अशा मुलाला 'अजून मेहनत घे' म्हटलं तर तो काय करेल, तीच चूक अजून वीस गणितांत करेल, परत वीस फुल्या मिळतील, आणि मग मेहनत करूनही येत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे हे त्याला पक्कं पटेल. नुसत्या मेहनतीचा उपदेश इथे उलटा बसतो. ड्वेक यांनी स्वतः 2015 मध्ये लिहिलं होतं की वर्गात हे सगळं फक्त 'प्रयत्नाचं कौतुक करा' एवढ्यावर आणून ठेवलं जातंय आणि ते बरोबर नाही, मुलाला नवीन पद्धत आणि मदत मिळायला हवी.

मी काय करते ते सांगते. त्याच्या शेजारी बसते, उभी राहत नाही. 52 वजा 27 च्या बाजूला 57 वजा 22 लिहून देते. तो पटकन करतो, 35. बरोबर. मग विचारते, 'हे तुझं बरोबर आहे. आता बघ, इथे 57 होते, 22 काढले, 35 उरले. तिथे 52 च होते, म्हणजे कमी होते, आणि काढले 27, म्हणजे जास्त काढले. तरी उरले तेवढेच?' आणि गप्प बसते. हे गप्प बसणं महत्त्वाचं आहे, मेरी बड रो या शिक्षण-संशोधकांनी 1970 च्या दशकात वर्गांमधलं रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, करून बघा. बऱ्याचदा मूल स्वतःच म्हणतं, 'असं कसं?' तिथून काम सुरू. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायचं मला सात सुट्या दे. तो बघतो, सुट्या दोनच आहेत, थोडा वेळ इकडेतिकडे करतो आणि गठ्ठ्याचं रबर काढतो. हातचा म्हणजे काय ते त्याने आत्ता स्वतः केलं. आता चार गठ्ठे, बारा सुट्या, सात दिल्या, पाच उरल्या, दोन गठ्ठे दिले, दोन उरले, 25.

त्यानंतर त्या दिवशी तशी दोनच गणितं, दहा नाही. आणि चुकीचं 35 खोडायला लावायचं नाही. त्याच्याखाली 25 लिहायचं आणि बाजूला तारीख. दोन-तीन आठवड्यांनी ते पान उघडून त्याला विचारायचं, 'इथे काय गडबड होती सांग बरं'. मूल स्वतःच्या जुन्या चुकीबद्दल एखाद्या छोट्या मास्तरसारखं बोलायला लागतं. 'मेंदू वाढतो' असं मी शंभर वेळा सांगण्यापेक्षा हे एक पान जास्त काम करतं, कारण हा त्याचा स्वतःचा पुरावा आहे, कोणाचा शब्द नाही.

कौतुकाबद्दल. 'छान प्रयत्न' हा शब्द मी जवळपास बंद केलाय. उत्तर चुकलेल्या मुलालाच तो मिळतो हे आठ वर्षांच्या मुलाला कळतं हो, ते उत्तेजनार्थ बक्षीस आहे हे त्याला माहीत असतं. आणि खोटं, फुगवलेलं कौतुक तर नकोच, 'अप्रतिम, जबरदस्त' वगैरे. 2014 च्या एका अभ्यासात दिसलं होतं की ज्या मुलांचा स्वतःवर मुळात विश्वास कमी असतो त्यांना असं फुगवून कौतुक केलं की ती पुढचं काम सोपं निवडतात, आणि आपण नेमकं त्याच मुलांचं जास्त फुगवून कौतुक करतो. त्यापेक्षा जे खरंच झालंय ते सांगायचं. 'एककापासून सुरुवात केलीस', 'उत्तर आल्यावर उलटी बेरीज करून बघितलीस, 35 आणि 27 म्हणजे 62 होतात हे तुझं तूच पकडलंस'. काहीच धड झालं नसेल तर कौतुक न करता मदत करायची, त्यात मुलाचा अपमान होत नाही. बरं, एक वाक्य अजून टाळा, फार प्रेमाने म्हणतो आपण ते, 'असू दे, सगळ्यांनाच गणित येतं असं नाही'. ऐकणाऱ्याला त्यात एवढंच ऐकू येतं की टीचरनी पण माझी आशा सोडली.

आता रडणारी मुलगी. हिचा प्रश्न त्या मुलाच्या उलटा आहे आणि माझ्या मते जास्त अवघड आहे, कारण हिच्याबद्दल कोणी तक्रारच करत नाही. पहिलीपासून सगळं पहिल्या फटक्यात येत गेलंय, घरी दारी 'हुशार' हे तिचं दुसरं नाव झालंय, आणि चुकायची तिला सवयच नाही. ती रडते ती एका गणितासाठी नाही, ते नाव जाईल म्हणून. तिला 'एवढं काय त्यात, चुकलं तर चुकलं' म्हणू नका, तिच्यासाठी ते एवढंच नाहीये. रडत असताना समजावणं, खोल श्वास घे म्हणणं यातलं काही उपयोगी पडत नाही. मी फक्त जवळ जाऊन हळू आवाजात म्हणते, 'चुकलं म्हणून वाईट वाटलं ना. पाणी पिऊन ये, मी इथेच आहे, मग आपण बघू कुठे अडलं'. आणि मग खरंच बघायचं, कारण गणितापाशी परत न येता नुसतं शांत करून सोडलं तर ती एवढंच शिकते की चूक ही रडण्याएवढी भयंकर गोष्ट आहे आणि रडलं की त्यातून सुटका होते. श्वासाचे वगैरे प्रकार शिकवायचेच असतील तर वर्ग मजेत असताना शिकवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा ते आठवतील.

आणि हिला असं काम द्या ज्यात पहिल्या फटक्यात कोणालाच येत नाही. 'ज्याचं उत्तर 25 येईल अशा हातच्याच्या वजाबाक्या किती बनवता येतील?' असलं काहीतरी, ज्यात दोन-चार फसलेले प्रयत्न कागदावर राहतातच. पण एक सांगते, 'आजची माझी आवडती चूक' असे प्रकार चालतात ना, फळ्यावर मुलाचं नाव घेऊन त्याची चूक दाखवायची आणि टाळ्या वाजवायच्या, ते अशा मुलांबरोबर करू नका. हेतू कितीही चांगला असला तरी तिच्यासाठी ती शिक्षाच आहे. मी चूक फळ्यावर घेते, पण बिननावाची. आकडे बदलून, स्वतःच्या अक्षरात, 'एका मुलाने 64 वजा 38 चं उत्तर 34 काढलं, त्याने काय विचार केला असेल?' आता वर्ग डिटेक्टिव्ह होतो. 'चूक' न म्हणता 'काय विचार केला असेल' म्हटल्यामुळे चुकणारा माठ नाही, त्याच्याकडे काहीतरी कारण होतं, हे न सांगता कळतं. ज्याने खरंच तसं केलं होतं तो पण शेवटी हात वर करतो बहुतेक. आणि हसण्याबद्दल माझा नियम कडक आहे, उत्तराला कोणी हसलं तर तिथेच थांबायचं, भाषण न देता, पण थांबायचंच, प्रत्येक वेळी. एकदा जरी सोडून दिलं की पुढचा महिनाभर मागच्या बाकावरचे हात वर येत नाहीत.

तुमच्या वर्गात काय काय चाललंय ते मला दिसत नाही, पण एकदा या नजरेने वर्ग बघा. आधी गणित संपवणाऱ्याने उभं राहायचं असतं का? भिंतीवर स्टारचा तक्ता आहे का, ज्यात कोण सगळ्यात खाली आहे ते सगळ्यांना रोज दिसतं? पाढे घड्याळ लावून सगळ्यांसमोर म्हणून घेता का? यातली प्रत्येक गोष्ट मुलाला सांगते की इथे पटकन आणि बिनचूक येणाराच भारी, आणि बाजूच्याच भिंतीवर पोस्टर म्हणतं चुका करा. मुलं पोस्टर वाचतात आणि तक्त्यावर विश्वास ठेवतात. टेस्ट बंद करणं आपल्या हातात नसतं, कबूल. पण वहीत मार्क आणि शेरा एकदम देऊ नका. रूथ बटलर या संशोधकांचा 1988 चा अभ्यास आहे, नुसता शेरा मिळालेल्या मुलांचा रस आणि काम दोन्ही टिकलं, मार्क आणि शेरा एकत्र मिळालेल्यांमध्ये मात्र शेऱ्याचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. कारण साधं आहे, मूल मार्क बघतं, शेजारच्याचे बघतं आणि वही बंद करतं. मी आधी शेरा देते, तोही एका ओळीचा आणि ज्यावर काही करता येईल असा, 'गणित 3 आणि 5 मध्ये दशकाचं घर परत बघ', दहा मिनिटं दुरुस्तीला देते, आणि मार्क द्यायचेच असतील तर त्यानंतर. 60 मुलं असतील तर रोज हे शक्य नाही, आठवड्यात एक वही, एक विषय एवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

वेलबीइंगचं म्हणाल तर तो तास बंद करू नका. त्यात भावनांना नावं द्यायला शिकवा, राग आणि लाज यातला फरक, घाबरणं आणि हिरमुसणं यातला फरक, छोट्या प्रसंगांतून. गोष्टीतल्या पात्राला काय वाटलं असेल हे विचारा, 'तुला घरी कशाने वाईट वाटतं' हे सगळ्यांसमोर विचारू नका. सकाळी आल्यावर भिंतीवर स्वतःच्या नावापुढे हसरा किंवा रडका चेहरा लावायचा तो तक्ता मला स्वतःला अजिबात आवडत नाही, मूल दोन दिवसांत ओळखतं की हसरा लावला की कोणी काही विचारत नाही. त्यापेक्षा दारात उभं राहून नावाने हाक मारा, कोण गप्प आहे ते तिथेच कळतं. बाकी शाळेतलं मुलाचं बरं वाटणं फार मोठ्या गोष्टींवर नसतं: दिवस कसा जाणार हे माहीत असणं, मधल्या सुट्टीत बरोबर कोणीतरी असणं, आणि काल न येणारी एक गोष्ट आज येणं. तिसरी गोष्ट गणिताच्या तासालाच होते, म्हणून मी वेलबीइंग आणि अभ्यास वेगळे धरतच नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. रोज सकाळी पोट दुखणं, झोप न लागणं, अचानक सगळ्यातून मन काढून घेणं, 'मी नसलेलाच बरा' अशा अर्थाचं काही बोलणं, असं दिसलं तर ते माइंडसेटचं काम नाही, त्याच दिवशी पालकांशी आणि समुपदेशकाशी बोला. आपण शिक्षक आहोत, उपचार करणारे नाही, आपलं काम वेळेवर दिसणं आणि सांगणं.

पालकांना मी लांबलचक समजावत नाही. एवढंच सांगते की संध्याकाळी 'किती मार्क मिळाले' च्या आधी 'आज कुठे अडलास' विचारा, आणि तुम्ही स्वतः कशात अडलात तेही सांगा. त्या मुलीच्या घरी 'हुशार' हा शब्द लगेच बंद होणार नाही, होऊ दे हळूहळू.

आणि मुख्याध्यापकांना अ‍ॅक्टिव्हिटीचे फोटो हवे असतात असं तुम्ही लिहिलंय, तर त्याच मुलाच्या वहीची दोन पानं द्या, 35 वालं आणि तीन आठवड्यांनंतरचं. पोस्टरच्या फोटोपेक्षा त्यात सांगण्यासारखं जास्त आहे.

तर सोमवारपासून मी तुमच्या जागी असते तर तीनच गोष्टी केल्या असत्या: त्या मुलाच्या वहीतली चूक नेमकी कुठली ते शोधणं, आधी संपवणाऱ्याने उभं राहायचं असलं काही चालू असेल तर ते बंद करणं, आणि आठवड्यातून दोनदा बिननावाची चूक फळ्यावर. बाकीचं नंतर. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही, तो परत वही मिटेल, तेव्हा तुम्ही वैतागू नका.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नावरून मला कळली नाही, तो नुसत्या आकड्यांच्या वजाबाकीला वही मिटतो की शाब्दिक उदाहरणांना. हे तपासून बघा. तेच उदाहरण तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी उत्तर विचारा. तोंडी येत असेल तर अडचण गणितात नाही, वाचनात आहे, आणि मग वर सांगितलेल्या काड्या-गठ्ठ्यांचा उपयोग नाही, वाचनाकडे बघावं लागेल, फळ्यावरचं नीट दिसतं का तेही बघावं लागेल. काय निघतं ते लिहा, म्हणजे पुढचं त्याप्रमाणे सांगता येईल.